बंडीचा तास

दोन बोटांनी हनुवटी धरायची आणि तोंड समोर फिरवून द्यायचं, ही बाईंची सवय होती. वर्गात एखादा मुलगा मागे वळून बोलताना दिसला की त्या ओरडत नसत, छडीही उगारत नसत. शांतपणे त्याच्यापर्यंत चालत जात, हनुवटी धरत आणि खिडकीचं दार लावावं तसं त्याचं तोंड फळ्याकडे करत. वर दोनच शब्द म्हणत, "तोंड समोर."

हे वर्गापुरतं राहिलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण देवळात कीर्तन चालू असताना मागे वळून सुनेच्या चहाड्या करणाऱ्या बायांच्या हनुवट्याही बाईंनी सोडल्या नाहीत. एका लग्नात मंगलाष्टकं चालली होती आणि नवरदेव शेजारच्या मित्राशी कुजबुजत होता. बाईंनी अक्षता डाव्या हातात घेतल्या आणि उजव्या हाताने त्याचं तोंड अंतरपाटाकडे वळवलं. त्याने पुढे संसार नीट केला असं ऐकतो. शाळा तपासायला आलेले साहेब एकदा मुलाचं उत्तर न ऐकताच बाहेर बघत बसले, तेव्हा बाईंचा हात उचललेला मी डोळ्यांनी पाहिला. अर्ध्या वाटेत त्यांना भान आलं आणि त्यांनी त्याच हाताने पदर सारखा केला. माझा जीव भांड्यात पडला.

तुमच्याही गावच्या शाळेत अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमचं नशीब खोटं, एवढंच मी म्हणेन.

आमची शाळा जनपद सभेची, म्हणजे तेव्हाच्या तालुक्याच्या बोर्डाची. सेलूहून हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मी नुकताच ट्रेनिंग करून तिथं लागलो होतो. बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठ्या, वर्ध्याच्या, विधवा. मूलबाळ नव्हतं. सहावी आणि सातवी त्यांच्याकडे होती. मला त्या 'मास्तर' म्हणत, आणि त्या शब्दात आदर किती आणि थट्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता बंड्यांचं सांगायला हवं. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. कापसाचे दिवस आले की गावातल्या बंड्या रांगेनं सेलूच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जायच्या. झुंजूमुंजू झालं की निघायच्या. रांगेच्या पुढे शामरावजींची बंडी. उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस. बैलांच्या बाबतीत त्यांचा शब्द गावात शेवटचा. त्यांच्या मागे मोठी माणसं आणि शेपटाला पोरं. घरची मोठी माणसं वेचणीला हवी असत, म्हणून बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हातात कासरा यायचा. त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे.

या रांगेची एक चाल होती. समोर बघायचं ते फक्त शामरावजींनी. बाकीचे सगळे धुरेवर, बंडीच्या अगदी पुढच्या टोकाला, उलटे बसत, पाठ बैलांकडे आणि तोंड मागच्या बंडीकडे. बैल आपले पुढच्या बंडीच्या मागे मुकाट चालत राहायचे आणि माणसं एकमेकांशी बोलत जायची. कोणी संत्रं सोलून मागच्याकडे फेकी, कोणी गाणं म्हणे, कोणी कापसावर आडवं होई. मीही त्या रांगेतून सेलूला गेलो आहे. खोटं कशाला बोलू, त्यासारखा सुखाचा प्रवास मी पुढे कधी केला नाही.

अडचण होती ती सडकेची. आमची कच्ची वाट जिथं नागपूरच्या डांबरी सडकेला मिळायची तिथं चिंचांची दाट झाडं होती आणि पलीकडे वळण. सेलूला जायला सडक ओलांडून पलीकडची बाजू धरावी लागे. शामरावजी तिथं थांबत, दोन्हीकडे नीट बघत आणि मोकळं असेल तरच बंडी सडकेवर घेत. पण मागची लांबलचक रांग त्याच एका बघण्यावर पुढे सरकायची. शेपटाची बंडी सडकेला लागेपर्यंत माणसाची विडी ओढून व्हायची. तेवढ्या वेळात वळणामागून काय येईल याचा विचार कोणी केला नव्हता, कारण पूर्वी काही येतच नसे. आता लाऱ्या वाढल्या होत्या.

शालिक सातवीत होता. बाईंचा आवडता, कविता पाठ म्हणणारा. त्याची बंडी शेवटची असायची, कारण घरचे बैल थकलेले. एका सकाळी तो संत्रं सोलत, पाठ फिरवून बसलेला असताना त्याचे बैल नेहमीप्रमाणे पुढच्या बंडीमागे सडकेवर गेले आणि लारी आली. लारीवाल्याने भोंगा वाजवला, बैल बिथरले, बंडी नालीत कलंडली. एक बैल जागेवर मेला. शालिकचा पाय चाकाखाली आला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात गुडघ्याखालून कापावा लागला.

गावाने लारीवाल्याला शिव्या दिल्या, शालिकच्या घरी धान्य पोचवलं आणि पुढच्या आठवड्यात रांग पुन्हा तशीच निघाली. मी बाईंना म्हणालो, "लारीवालाच चुकला. इतक्या जोरात यायचं कारण काय?"

"चुकलाच थो," बाई म्हणाल्या. "पन थो माह्या वर्गात हाये का? माह्या वर्गात जे हायेत त्यायलेच मी शिकवीन. गंगा कुठून निघते थे पोट्टे झोपेत सांगतात, मास्तर. आपल्या सडकेवर लारी कुठून निघते थे नको माहीत व्हाले?"

शालिकच्या आईला त्या भेटायला गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. शालिकचा धाकटा भाऊ देवा सहावीत होता. आई म्हणाली, "मोठ्याचा पाय गेला, बाई. आता पुढच्या साली शेवटच्या बंडीवर हा बसन. दुसरं कोन हाये घरात? मले तं आतापासूनच झोप येत नाई." बाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मी हाये न." एवढं बोलून त्या उठल्या. वाटेत मी त्यांना विचारलं की तुम्ही नेमकं काय करणार. "थे मलेच कुठं माहीत हाये अजून," त्या म्हणाल्या. पण त्यांचं चालणं एवढं भरभर होतं की मला मागे राहावं लागलं.

पहिली गोष्ट त्यांनी ही केली की स्वतः बंडी हाकायला शिकल्या. शिकवलं शालिकने, काठीच्या आधाराने उभं राहून. "बाई, कासरा ओढू नका, नुसता धरा," तो सांगायचा आणि बाई जिवाच्या आकांताने ओढायच्या. एकदा बैल त्यांना घेऊन सरळ शामरावजींच्या तुरीत शिरले. शामरावजी बांधावर उभे होते. म्हणाले, "बाई, माही तूर शाळेत घालता का?" गाव आठवडाभर हसलं. बाई तुरीतून बाहेर आल्या, पदर खोचला आणि पुन्हा धुरेवर बसल्या.

शाळा उघडल्यावर शनिवारी सकाळी 'बंडीचा तास' सुरू झाला. वेळापत्रकात तो नव्हता. मी भीत भीत तसं म्हणालो, तर बाई म्हणाल्या की वेळापत्रकात भूगोल आहे, आणि सडक ही भूगोलातच येते. शाळेपासून मारुतीच्या पारापर्यंतची वाट ठरली. मुलगा धुरेवर बसणार, तोंड समोर, आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगत बंडी हाकणार. गप्प राहायचं नाही. आणि जे दिसत नाही तेही सांगायचं.

"समोर बाई," पहिला मुलगा ओरडला.

"अजून?"

"बाईच्या मांगं म्हैस."

सगळी शाळा खिदळली. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "म्हशीच्या मांगं काय हाये?" पोरगं म्हणालं, "दिसत नाई." बाई म्हणाल्या, "शाब्बास. मंग थांब."

या तासात मलाही काम होतं. बंडीच्या बाजूने चालायचं आणि हाकणाऱ्याचं लक्ष उडवायचं. हाका मारायच्या, संत्र्याची फोड दाखवायची, गावातली भानगड सांगायची. "हे तुमी चांगलं करसान, मास्तर," बाई म्हणाल्या. "तुमच्या अंगात थो गुन हाये." मी मनावर घेतलं नाही. पण काम मात्र मन लावून केलं. वर्गातली बेरकी पोरं दोन-तीन शनिवारांत तयार झाली. मी कानाशी काहीही ओरडलो तरी ती समोर बघून आपली 'समोर शेळी, डावीकडे बुढी' सांगत जायची.

देवा मात्र तयार होईना. तो प्रेमळ पोरगा होता, हीच अडचण. कोणी हाक मारली आणि त्याने वळून पाहिलं नाही असं व्हायचंच नाही. त्यातून मी "देवा, शालिक बोलावून राह्यला" असं म्हटलं की संपलंच. मान फिरली की बाई त्याला खाली उतरवत आणि बैलांच्या पुढे पायी चालवत. तो निमूट चालायचा, पण पुढच्या शनिवारी पुन्हा वळायचा. एकदा तास संपल्यावर बाई पारावर बसून राहिल्या. मी त्यांना तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"थो पोट्टा मान वळवते, मास्तर," त्या म्हणाल्या. "माह्या समोर वळवते. सडकेवर तं मी नसन."

मी म्हणालो की जाऊ द्या, एखाद्या पोराला नाहीच जमत. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतर देवाचा तास रोज होऊ लागला. शाळा सुटल्यावर, बैल मोकळे असले तर बंडीवर, नसले तर नुसतंच वाटेने. बाई कासऱ्याची दोरी घेऊन पुढे आणि देवा दोरीचं दुसरं टोक धरून मागे, तोंडाने सांगत, समोर खड्डा, समोर कुत्रं, वळणामागं दिसत नाई. पाणवठ्यावरच्या बाया हसायच्या. देवाच्या आईने मला सांगितलं, "मास्तर, पोट्टा झोपेतही 'समोर लारी' मनते हो." तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. मलाही कळलं नाही.

दिवाळी झाली. कापूस भरून रांग उभी राहिली त्या सकाळी बाई शाल पांघरून आल्या आणि देवाच्या बंडीत मागे चढून बसल्या. शामरावजी म्हणाले, "बाई, कायले त्रास घेता? बैलाले वाट माहीत हाये."

"वाट माहीत हाये," बाई म्हणाल्या, "लारी माहीत नाई."

मीही त्या बंडीत होतो. सडक जवळ आली तेव्हा धुकं होतं. शामरावजींनी बघितलं आणि बंडी घेतली. मागची माणसं गप्पा मारत त्यांच्यामागे गेली. देवाच्या पुढची दोन पोरं एकेक करून थांबली, बघितलं, सांगितलं, गेली. मग देवा आला आणि त्याने कासरा आवळला. "उजवीकडे मोकळं. डावीकडे चिंच. चिंचेच्या मांगं दिसत नाई." आणि थांबला. थांबला तो थांबलाच. रांग तुटली. पुढून शामरावजींची हाक आली, "हाक बे! काऊन थांबला?" मग सगळेच ओरडू लागले. देवाची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती.  बाईंनी बंडीचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पोरगा वळणार असं मला वाटलं. तो वळला नाही. धुकं जरा हललं, चिंचेमागची सडक दिसली, तेव्हा म्हणाला, "मोकळं हाये," आणि मगच बंडी घेतली.

लारी आलीच नाही. जिनात पोचायला उशीर झाला, वजनकाट्यावरचा नंबर हुकला आणि सगळ्यांना दुपारपर्यंत ताटकळावं लागलं. माणसं चिडली होती. "कुठं हाये तुमची लारी, बाई?" शामरावजींनी सगळ्यांसमोर विचारलं.

"नाई आली," बाई म्हणाल्या. "बरं झालं."

पण रांगेचा प्रश्न सुटला नव्हता. अशी रोज रांग तुटली तर पोरांना शिव्या खाव्या लागणार आणि शिव्यांच्या भीतीने ती एक दिवस थांबायची बंद होणार, हे बाईंना कळत होतं. त्या संध्याकाळी त्या शामरावजींच्या ओट्यावर गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला जसं सांगितलं तसं सांगतो. बाई म्हणाल्या, "मले बैलातलं काई समजत नाई, शामरावजी. तुमाले समजते. म्हनून एक डाव तुमी शेवटच्या बंडीत बसा आन् मंग मले सांगा, मी चुकते का." म्हातारा मिशी ओढू लागला. आयुष्यात तो कधी कोणाच्या मागच्या बंडीत बसला नव्हता.

पण बसला. पुढे आपल्या मुलाला पाठवलं आणि स्वतः देवाच्या मागे कापसावर चढला. मीही त्याच बंडीत होतो. मुलगा सडकेवर गेला तेव्हा सडक मोकळी होती, हे शामरावजींनी मान उंचावून पाहिलं. मग एकेक बंडी जात राहिली. आमची बंडी चिंचेपाशी आली तेव्हा वळणामागून मोटर आली आणि आमच्या पुढच्या बंडीवाल्याला, जो उलटा बसून आमच्याशीच बोलत होता, तिच्या वाऱ्याने टोपी सावरावी लागली. तो मोठा माणूस होता, शामरावजींचा पुतण्याच, काकांशी बोलायला त्या दिवशी शेपटाला आलेला. त्याच्या तोंडाचा रंग उडाला. शामरावजी सेलू येईपर्यंत दर वळणाला मान उंचावून बघत राहिले. 

पुढच्या खेपेपासून ते सडक ओलांडून पलीकडे बंडी उभी करू लागले आणि शेवटची बंडी थांबून, बघून येईपर्यंत हलेनात. कोणी विचारलं तर म्हणत, "बैलाले दम घेऊ देतो." बाईंचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, आणि बाईंनीही त्यांना कधी त्यावरून छेडलं नाही. मी एकदा छेडू म्हटलं तर मला गप्प बसवलं.

नंतरच्या काही हंगामांत आमच्या रांगेतून कोणी जखमी झाला नाही. बंडीचा तास चालूच होता. मग एका उन्हाळ्यात बाईंची बदली आर्वीकडे झाली. एक ट्रंक, एक वळकटी आणि पाण्याची कळशी, एवढं सामान. सडकेवर मोटर पकडायची होती. बंडी देवाने आणली. तो आता मिसरूड फुटलेला पोरगा होता. शालिकने बाईंच्या पायावर डोकं ठेवलं, त्याची आई रडली आणि आम्ही निघालो.

बाई त्या दिवशी फार बोलत होत्या. एरवी इतकं बोलणारी बाई नव्हती ती. देवाला सांगत होत्या, "आईकडे लक्ष देजो. शालिकले शिकवन्या मिळतात का पाह्यजो, त्याचं डोकं चांगलं हाये. आन् तू मॅट्रिक होजो, समजलं का? शाळा सोडशीन तं मी आर्वीवरून येईन." देवा "हौ बाई, हौ बाई" म्हणत होता. चिंचा दिसू लागल्या तरी बाईंचं चाललंच होतं. गाव मागे पडत होतं आणि त्या मागे वळून बघत बोलत होत्या, आवाज जड झाला होता. "मले पत्र लिहिजो, देवा. ऐकून राह्यला ना? इकडं पाह्य जरा, देवा."

देवाने मागे पाहिलं नाही. कासरा आवळला आणि म्हणाला, "बाई, आता बोलू नका. सडक आली."

बाई एकदम गप्प झाल्या. बंडी थांबली. देवा हळूच, आपल्याशीच बोलावं तसं सांगत होता, उजवीकडे मोकळं, डावीकडे चिंच, मांगं दिसत नाई. तो तसाच थांबून राहिला आणि वळणामागून संत्र्यांनी भरलेली लारी आली, भोंगा वाजवत, धूळ उडवत, आमच्यासमोरून निघून गेली. बैलांनी माना झटकल्या. देवाचा हात हलला नाही. धूळ बसल्यावर त्याने पुन्हा दोन्हीकडे पाहिलं, बंडी सडकेच्या पलीकडे नेली, बाजूला लावली, आणि मग पहिल्यांदा मागे वळला.

"हं बाई," तो म्हणाला. "आता सांगा, काय म्हनत होत्या?"

 बाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्या नुसती मान हलवत होत्या. मोटर येईपर्यंत त्या तशाच बसून होत्या.